मोळं

आमच्या बडोद्याच्या मराठीत 'मोळं' असा एक शब्द आहे. पुण्याच्या माझ्या आतेबहिणीसमोर तो पहिल्यांदा उच्चारला तेव्हा तिने विचारलं, "मोळी? सरपणाची?" आणि पोट धरून हसली. गुजरातीतून हा शब्द आमच्या घरात कधी शिरला ते कुणालाच ठाऊक नाही. भाजी तिखट नसली तर ती मोळी, दही आंबट नसलं तर ते मोळं, आणि बिनमिठाचं जेवण, ज्याला तिकडे अळणी म्हणतात, तेही मोळंच. तीन वेगळ्या गोष्टींना एक शब्द वापरून आमचं कधी काही अडलं नाही, कारण बोलताना ताट समोर असायचं आणि खाणाऱ्याचं तोंडही. हा शब्द मी उचलून फोनच्या पडद्यावर ठेवला, तिथून पुढचं हे सगळं.

मी एका लहानशा कंपनीत काम करते. आम्ही घरच्या स्वयंपाकासाठी ॲप बनवतो. रोज उठून काय करायचं, किती घालायचं, बिघडलं तर काय, हा जो बायकांच्या मानेवर बसलेला धसका असतो तो कमी करायचा, असं आमचं म्हणणं. पडदा कसा दिसावा आणि त्यावर कोणते शब्द असावेत हे माझं काम. मी त्यात फार हुशार आहे असं मला वाटायचं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला एकही प्रश्न पडता कामा नये, हे माझं ब्रीद होतं. एका पडद्यावर एकच काम. तेल तापवा. मोहरी घाला. तडतडली की पुढे.

आणि माझी खरी दुश्मनी होती ती 'चवीनुसार मीठ' या दोन शब्दांशी. हे काय सांगणं झालं? कुणाच्या चवीनुसार? ज्या बिचारीला कळत नाही म्हणून ती ॲप उघडते, तिलाच आपण म्हणायचं, तुझं तू बघ! मी सगळ्या पाककृतींतून 'चवीनुसार' शोधून शोधून काढलं आणि तिथे पाव चमचा, अर्धा चमचा असं नेमकं माप घातलं. त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना कचोऱ्या खाऊ घातल्या.

त्याच थंडीत बाबा आजारी पडले. करजणजवळच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली, वाफेच्या दाबाचे काटे बघण्यात. पंधरा दिवस दवाखान्यात राहून घरी आले, ते खुर्चीतून उठताना हात टेकायला लागले. हृदयाचा जोर कमी झालाय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि आईला समोर बसवून मिठाचं सांगितलं. मीठ अगदी बंद नको, पण मोजून, आणि तेही कमीत कमी. अंगात पाणी साठलं तर हृदयाला ते झेपणार नाही.

माझ्या आईने चाळीस वर्षं बोटांच्या चिमटीने मीठ घातलं होतं आणि एकदाही चुकली नव्हती. शिवाय ती रांधताना चाखत नाही. नागरवाड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येसुद्धा देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिच्या जिभेवर काही पडत नाही. चाखलेलं म्हणजे उष्टं, आणि उष्टं देवाला कसं दाखवायचं? वासावरून आणि उकळीच्या रंगावरून तिला कळायचं. डॉक्टरांनी मिठाचं सांगितलं आणि तिचा तो हात गेला. बरणीपाशी ती उभी राहायची आणि मला फोन करायची. "अगं, आमटीत किती घालू? काल घातलं त्याहून कमी करू?" मी मीटिंगमध्ये असायचे. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. "आणि कोशिंबिरीत?" दिवसाला चार-पाच फोन. मला तिची दया यायची, आणि खरं सांगायचं तर वैतागही यायचा. एकदा मी तिला म्हटलं, "आई, मी काय तुझ्या ओट्यावर बसलेय का?"

होळीच्या सुमाराला आमचं ॲप तयार झालं. ते तिच्या फोनवर घालून द्यायला मी एका रविवारी नागरवाड्यात गेले. किती माणसांसाठी, हे विचारणाऱ्या पडद्यावर तिने 'एक' निवडलं, कारण बाबांचं ती वेगळ्या छोट्या तपेलीत करायची. तिच्यापुरतं तिचं नेहमीचं. पुढच्या पडद्यावर तीन गोल होते. तिखट. मध्यम. मोळं. तिसऱ्या गोलावर आईचं बोट थांबलं.

"अगं बाई, ह्यात मोळंसुद्धा आहे!"

"मग! तुझ्या लेकीनं केलंय."

मीठ तेवढं लिहिलंय त्याहून कमी घाल, हे मी तिला सांगणार होते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण कित्येक आठवड्यांनी तिचा चेहरा असा सैल झालेला मी बघत होते, तेवढ्यात बाबांनी चहा मागितला, आणि ते वाक्य राहून गेलं. तिने मोळ्यावर बोट दाबलं. ते बोट मला अजून दिसतं, हळदीने पिवळं झालेलं नख आणि खाली हिरवा झालेला गोल.

माझ्या मनात 'मोळं' म्हणजे तिखट नसलेलं. लहान मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. आमच्याकडे पाककृतींची मापं ठरवणाऱ्या एक अनुभवी बाई आहेत. त्यांनी सांगितलं होतं की नुसती मिरची कमी केली तर पदार्थ फिका लागतो, म्हणून मोळ्यात मीठ आणि लिंबू नेहमीपेक्षा किंचित जास्त धरावं. मला ते फार पटलं. गुजरातीतही तोच शब्द ठेवा, असं मीच सुचवलं. हे कारण पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर बाईला प्रश्न पडला असता ना.

दुसऱ्या दिवसापासून आईचे फोन बंद झाले. एकही नाही. माझा ऊर भरून आला. ज्या ॲपने माझ्या आईची काळजी मिटवली ते कुणाचीही मिटवेल, असं मी ऑफिसात सांगितलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. शेळ्या गप्प झाल्या की आम्हांला वाटतं, चरतायत.

बाबा पहिल्यांदाच जेवणाची तारीफ करायला लागले. दवाखान्यातून आल्यावर ताटाकडे बघून तोंड फिरवणारे बाबा आता म्हणायचे, "मोळं असून काय चव आहे! आधीच शिकली असतीस तर?" आई लाजायची. सासरच्या माणसांसमोरसुद्धा मी आईला लाजताना पाहिलं नव्हतं. रविवारी मी गेले की मी आईबरोबर मोठ्या पातेल्यातलं जेवायचे. बाबांच्या तपेलीतलं एक चमचाही माझ्या ताटात कधी आलं नाही; पथ्याचं अन्न म्हणजे औषध, ते दुसऱ्याने खायचं नसतं.

बाबांना काटे बघायची सवय. घरी वजनकाटा होता, दर रविवारी सकाळी त्यावर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहायचा. चैत्रात तो आकडा वाढायला लागला. आई हरखली. "खाल्लेलं अंगी लागतंय हो," ती म्हणाली. मीही म्हटलं. आजारातून उठलेल्या माणसाचं वजन वाढणं यापेक्षा चांगली बातमी आमच्या भाषेत नाही. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत छापलं होतं की वजन भराभर वाढलं तर लगेच कळवा. तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. त्याच्यासमोर उभी राहून मी कितीदा तरी पाणी प्यायले असेन.

मग चपला घट्ट व्हायला लागल्या. आईने मोठ्या मापाच्या आणल्या. मोजे काढले की बाबांच्या घोट्यावर इलॅस्टिकची खाच राहायची, संध्याकाळपर्यंत भरायची नाही. भाजी आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना ते शिंप्याच्या ओट्याशी थांबायला लागले, आणि कुणी बघितलं तर तिथे टांगलेले कपडे निरखल्याचं दाखवायचे. उशाला एक उशी होती, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. आई मला फोनवर हे सगळं सांगायची, पण प्रश्न म्हणून नाही. वयाप्रमाणे व्हायचंच, असं म्हणून सांगायची.

वैशाखात तपासणीला गेलो. मी बरोबर होते. डॉक्टर गुजराती, शांत, कमी बोलणारे. त्यांनी बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा राहिला. आम्ही तिघेही त्या खड्ड्याकडे बघत बसलो.

"मीठुं केटलुं ल्यो छो?" त्यांनी विचारलं. मीठ किती घेता?

आई खुर्चीत सरसावून बसली. या प्रश्नाची ती वाटच बघत होती. "बिलकुल मोळुं, साहेब. अलग तपेलीमां बनावुं छुं."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकले नाय."

"तो पछी आ सोजा क्यांथी?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मग ही सूज कुठून? त्यांनी गोळ्या वाढवल्या. बाहेर पडताना मला थांबवून हळूच सांगितलं की इतकं कडक पथ्य पाळूनही असं होत असेल, तर आपण मनाची तयारी ठेवायला हवी.

मी मनाची तयारी करायला लागले. स्कूटरवरून सुभानपुऱ्याला घरी येताना रडले. बाबा गेल्यावर आईला आमच्याकडे आणायचं की मी तिकडे जायचं, इथपर्यंत माझा विचार गेला. त्या खोलीत मोळं हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. डॉक्टर आणि आई यांचा अर्थ एकच होता. माझा वेगळा होता, आणि मी तोंड उघडलं नाही. आईने किती छान सांगितलं, असंच मला वाटलं होतं.

आईने मात्र डॉक्टरांचा चेहरा वाचला होता. आपल्याच पथ्यात कुठेतरी खोट आहे असं तिने धरलं. तोवर ती आमटी आणि भाजीच ॲपवरून करत असे. ताक, खिचडी, कढी, पिठलं अंदाजाने, जवळजवळ बिनमिठाचं. आता तिने अंदाज साफ बंद केला. ताकसुद्धा ॲपवरून. सगळं मोळं, सगळं मोजून. हे तिने मला मोठ्या निश्चयाने सांगितलं आणि मी म्हटलं, "हो आई, आता काही कसर ठेवू नकोस."

आषाढ लागला. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गुजराती शेजारीण राहते. तिला मी हौसेने ॲप घालून दिलं होतं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचं मोळाकत होतं. या व्रतात पाच दिवस मुली मिठाला शिवत नाहीत, गव्हाचे जवारे, म्हणजे टोपलीत उगवलेले कोंब, पुजतात, आणि नव्या कपड्यांत मिरवतात. मीसुद्धा केलंय. गल्लीतल्या सगळ्या मैत्रिणी करायच्या, मग मी मराठी असले म्हणून काय झालं? पाच दिवस बिनमिठाच्या भाकऱ्या खाऊन पाचव्या दिवशी मी चोरून मिठाचा खडा चघळला होता आणि आईचा धपाटा खाल्ला होता.

सकाळी अकराच्या सुमाराला मी कचरा ठेवायला दार उघडलं तर शेजारीण जिन्यात फोन घेऊन उभी.

"बेन, तमारी ॲपमां कंईक गडबड छे," ती म्हणाली. "छोकरीने मोळाकत छे, में मोळुं दबाव्युं, तोये मीठुं नाखवानुं केम कहे छे? ते पण वधारे!"

मोळं दाबलं तरी मीठ घालायला का सांगतंय, तेही जास्त.

मी तिला समजावायला तोंड उघडलं. तिथे मोळं म्हणजे कमी तिखट, असं म्हणायचं होतं. 'मोळाकत' हा शब्द आधी डोक्यात शिरला, मग खडा आठवला, मग आईचं पिवळं नख. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. तो अर्थ मी पाच दिवस बिनमिठाचं खाऊन जिभेने शिकले होते.

आईला फोन लावला. उचलला नाही. ती नैवेद्याची वेळ. पुन्हा लावला. पुन्हा. स्कूटर कशी नेली, सिग्नल किती तोडले, आठवत नाही. नागरवाड्यात तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा बाबा जेवून खुर्चीत पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पळून आल्यासारखा श्वास घेत होते. ओठ निळसर दिसत होते. आई वारा घालत होती.

"आता आता तर छान जेवले," ती म्हणाली. "सगळं संपवलं."

शिंप्याच्या मुलाने आणि रिक्षावाल्याने खुर्चीसकट खाली आणलं. दवाखान्यात बाबांना आत घेतल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि आईने तेच सांगायला सुरुवात केली, बिलकुल मोळुं, साहेब. मी त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. परक्या पुरुषाला असं धरायचं नसतं, हेही सुचलं नाही. मोळं नव्हतं, मी सांगितलं. रोज मीठ जात होतं. प्रत्येक पदार्थात, मोजून, नेहमीपेक्षा जास्त. चूक माझी आहे. त्यांनी मला रागवावं असं मला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. "सारुं थयुं कीधुं," सांगितलंत ते बरं झालं, एवढंच म्हणून आत गेले.

आईला मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही नाही. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तिच्या तोंडाकडे बघून गिळायचे. तिने आपल्या हाताने, घड्याळ लावल्यासारखं, प्रेमाने, तीन-चार महिने हे केलं होतं. ही गोष्ट तिला कळून काय होणार?

ऑफिसात मी तो शब्द त्याच आठवड्यात काढला. तिथे 'कमी तिखट' आलं, आणि मिठासाठी वेगळा प्रश्न. 'चवीनुसार' मी परत घातलं, प्रत्येक पाककृतीत, हाताने. सोबतचा एक जण म्हणाला, यामुळे वापरणारीला थांबून विचार करावा लागेल. मी म्हटलं, लागू दे. इतक्या जोराने म्हटलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाबा घरी आले. पाणी उतरलं, वजन उतरलं, चपला सैल झाल्या. पण मधल्या महिन्यांत हृदयाचं जे झिजलं ते भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गल्लीचं तोंड आता बाबांना लांब पडतं. शिंप्याच्या ओट्यापर्यंतही ते जात नाहीत.

मी आईच्या फोनची वाट बघायला लागले. आमटीत किती घालू, असं तिने पुन्हा विचारावं असं मला वाटे. फोन आला नाही. एका सकाळी सुट्टी काढून मी गेले, आज सांगायचंच असं ठरवून. बाबा आंघोळीला गेले होते. आई ओट्यापाशी छोट्या तपेलीत आमटी ढवळत होती. फोन कुठेच नव्हता. तिने पळी उचलली, तळहातावर दोन थेंब घेतले आणि जिभेला लावले.

मी दारातच थांबले. देवापुढचं निरांजन अजून लागलेलं नव्हतं.

"आई, नैवेद्य?"

"देवाला उष्टं चालेल," ती मागे न वळता म्हणाली.

तिने पळी खाली ठेवली. "हे दवाखान्यात होते ने, तेव्हा मी घरी आले होते कपडे न्यायला. तपेलीत त्या दिवशीची आमटी होती थोडी. टाकायच्या आधी चाखली." तिने गॅस बारीक केला. "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. आई, ती माझीच..."

"गप्प बस. मी काय आंधळी होते? चमच्याने मीठ मी घालत होते." ती वळली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि ते मला सोसलं नाही. मी तिला मिठी मारायला गेले तर तिने हाताने थांबवलं, कारण बाबा बाहेर येत होते.

ती वाढायला लागली. बाबा हळूहळू खुर्चीवर बसले, आमटी-भाताचा घास घेतला, आणि बराच वेळ चावत राहिले.

"काही चव नाही गं याला," ते मला म्हणाले. "तुझ्या त्या ॲपमधलं मोळं काय सुरेख होतं. हिला म्हण ना, एक दिवस तसं कर म्हणून."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने लिंबाची फोड घेतली आणि त्यांच्या भातावर पिळली, बी पडू नये म्हणून बोटं आडवी धरून.

"करीन," ती म्हणाली. "तुम्ही जेवा आधी."